सांपिंग, सारुंग, पेलिकाट: मलय वस्त्र नेसायचं कसं

मलय पोशाखातलं गुंडाळायचं कापड हातात घेतलं की मराठी माणसाचा पहिला अंदाज असतो, ही तर लुंगीच. दुसरा अंदाज असतो, कमरेला गाठ मारली की झालं. पहिला अंदाज निम्मा बरोबर आहे, दुसरा पूर्ण चुकीचा. मलय पद्धतीत कमरेशी गाठ जवळजवळ नसतेच. कापड टिकतं ते तीन गोष्टींवर: पाठीवरचा ताण, पोटावर एकावर एक बसलेले थर, आणि वरचा काठ दुमडून केलेली गुंडाळी. गाठ मारली तर पोटावर गोळा येतो, समोरचा भाग सपाट पडत नाही, आणि समोरचा भाग सपाट पडणं हाच तर या नेसण्याचा सगळा डौल आहे.

क्वालालंपूर किंवा सिंगापूरला राहणाऱ्या मराठी घरांना हे कधी ना कधी लागतंच. मलय मित्राच्या लग्नाचं बोलावणं येतं, मुलाच्या शाळेत सणाचा पोशाख सांगतात, हारी राया म्हणजे ईदेच्या दिवशी शेजारी घरी बोलावतात. बाजारात इलॅस्टिक शिवलेले तयार सांपिंगही, म्हणजे पुरुषांनी कमरेला गुंडाळायचं आखूड वस्त्रही, मिळतात आणि लहान मुलांना तेच बरे. मोठ्या माणसाने मात्र खरं कापड नेसायला शिकावं. पाच-सहा वेळा आरशासमोर केलं की हात बसतो.

आधी कापड ओळखा

मलयमध्ये काईन म्हणजे कापड. सारुंग म्हणजे दोन टोकं जोडून नळीसारखं शिवलेलं कापड. या शब्दाचा दुसरा अर्थ म्यान, कट्यारीचं म्यानही सारुंगच. न शिवलेलं सरळ लांब कापड म्हणजे काईन लपास, म्हणजे सुटं कापड. विकत घेताना हा फरक विचारा, कारण बाटिकचं आणि पेलिकाटचं कापड बऱ्याच दुकानांत न शिवलेलंच मिळतं. पेलिकाट शिवताना चौकडीला चौकडी जुळली पाहिजे. एक रेघ जरी वरखाली झाली तरी शिवण लांबून दिसते.

पेलिकाट हे पुरुषांचं रोजचं सुती, चौकडीचं कापड. घरात, रात्री झोपताना, मशिदीत जाताना नेसतात. नाव आलंय तमिळ किनाऱ्यावरच्या पुलिकत बंदरावरून, जिथून हा माल पूर्वी मलय मुलखात जायचा. बाटिकचं सारुंग बायकांचं, रोजचंही आणि कबाया या अंगालगतच्या झग्याखालचंही. सोंगकेट हे मानाचं वस्त्र: विणतानाच आडव्या धाग्यांत सोनेरी किंवा चंदेरी जर जास्तीची घालून नक्षी उठवलेली. नाव सुंगकिट या क्रियापदावरून पडलं, म्हणजे धागा टोकाने उचलून काढणं. मलेशियात तेरेंगानू आणि केलांतान या पूर्व किनाऱ्यावरच्या राज्यांत याचे माग आहेत, आणि 2021 साली युनेस्कोने मलेशियाच्या सोंगकेटची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. सांपिंग हे मात्र कापडाचं नाव नाही, नेसण्याचं आहे: पुरुषाने विजार आणि सदऱ्यासोबत कमरेपासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलेलं आखूड वस्त्र. ते सोंगकेटचं असेल, साध्या विणीचं असेल, तयार छापाचंही असेल.

आता कापड जमिनीवर पसरून त्याचे भाग बघा. बहुतेक सारुंगांत एक उभा पट्टा बाकीच्यापेक्षा वेगळा, जास्त दाट नक्षीचा किंवा वेगळ्या रंगाचा असतो. त्याला कपाला म्हणतात, म्हणजे डोकं. उरलेलं कापड बादान, म्हणजे अंग. कपालावर पुष्कळदा समोरासमोर त्रिकोणांच्या दोन रांगा असतात. ते पुचुक रबुंग, बांबूचे कोंब. साडीत जसं पदराकडे आधी लक्ष जातं तसं इथे कपालाकडे जातं. रूढ रीत अशी: पुरुषाचा कपाला पाठीमागे मधोमध, बाईचा पुढे. नवख्याची चूक सगळ्यात आधी इथेच दिसते, पुरुषाच्या पोटावर कपाला आलेला असतो. बाटिकमध्ये वेली-फुलं वरच्या दिशेने वाढणारी असतील तर मुळांकडचा काठ खाली, फुलं वर. उलटं नेसलं तर जाणत्या बाईला लगेच कळतं.

जादा घेराचा हिशोब

या नेसण्याचं सगळं गणित एका प्रश्नात आहे: कमरेपेक्षा जास्त असलेलं कापड कुठे नेऊन ठेवायचं? साडीत आपण ते निऱ्यांत घालतो. लुंगीत बहुतेक जण ते पुढे गोळा करून खोचतात. मलय पद्धतीत ते सपाट घडीत ठेवतात, आणि ही घडी किती रुंद येणार हे आधी मोजता येतं.

शिवलेल्या सांपिंगचा पूर्ण घेर साधारण 200 सेंटिमीटर धरा. तुमचा स्वतः मोजून घ्या. सदऱ्यावरून तुमची कंबर 100 सेंटिमीटर असेल तर 100 सेंटिमीटर कापड जादा. ते एका बाजूला ओढलं की दुहेरी पडतं, म्हणजे 50 सेंटिमीटरचा पंखा होतो. पोटाची रुंदी, एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत, हीसुद्धा साधारण 50. म्हणजे पंखा पुढून दुमडला की बरोबर पलीकडच्या कुशीला टेकतो. हीच एकबाजू घडी.

तेच जादा कापड दोन्ही बाजूंना निम्मं निम्मं वाटलं तर 25-25 चे दोन पंखे होतात आणि पोटावर मध्यभागी कसेबसे भेटतात. ही मधली घडी. तिला दोन पंखे एकमेकांवर किमान चार-पाच सेंटिमीटर चढायला हवेत, नाहीतर बसल्यावर मध्ये फट पडते. म्हणून कंबर 90 च्या आत असलेल्यांना मधली घडी छान बसते. 105-110 च्या पुढे ती करूच नका, पंखे एकमेकांपर्यंत पोचणारच नाहीत. एकबाजू घडी घ्या. आणि अगदी सडपातळ, 75-80 कंबर असेल तर एकबाजूचा पंखा पलीकडची कूस ओलांडून पाठीकडे जायला लागतो. तेव्हा तो मधेच परत मागे मुडपून दोन पदरी घडी करावी लागते. ती उलट जास्त देखणी दिसते, कारण पुढे एक उभी धारदार रेघ येते.

हा हिशोब दोन मिनिटांचा आहे. तो न करता नेसायला बसलं की "मित्राला जमतं, मला का जमत नाही" अशी चिडचिड होते. कारण एवढंच असतं की मित्राची कंबर वेगळी असते.

पेलिकाट: इथून सुरुवात करा

सराव सुती पेलिकाटावर करावा. नवं कापड खळीने कडक असतं, गुंडाळी उलगडत राहते. दोन-तीनदा धुऊन मऊ करा, मगच नेसा.

पेलिकाटची उंची 120 सेंटिमीटरच्या आसपास आणि घेर सांपिंगपेक्षा जरा मोठा असतो. मध्यम उंचीच्या पुरुषाच्या बेंबीपासून घोट्यापर्यंत 95 ते 100 सेंटिमीटर अंतर असतं. उरलेले 20-25 सेंटिमीटर गुंडाळीत जायचे आहेत, म्हणून कापड आधी छातीच्या खालच्या बाजूपर्यंत वर घ्यावं लागतं. नवखे लोक बेंबीला काठ धरतात, मग गुंडाळीला कापड उरत नाही आणि चार पावलांत सुटतं.

नळीत पाय घाला. कपाला पाठीच्या कण्यावर आणा. हात मागे नेऊन चाचपून बघा. पाय खांद्याइतके फाका. दोन्ही हातांनी काठ दोन्ही कुशींजवळ धरून बाहेर ओढा, इतका की पाठीवर एकही सुरकुती राहू नये. हा पाठीवरचा ताण पुढची सगळी कामं संपेपर्यंत सुटता कामा नये. आता उजवा पंखा पोटावरून डावीकडे दुमडा आणि डाव्या हाताने दाबून धरा. मग डावा पंखा त्यावरून उजवीकडे आणा. वरचा काठ दोन्ही थरांसकट बाहेरच्या बाजूला, खाली, दोन बोटांएवढा दुमडा. परत दुमडा. तीन ते चार वळशांत पोटावर एक जाड पट्टा तयार होतो. तो बेंबीवर बसतो. वळसे पोटापुरतेच घट्ट करा, मग अंगठे आत घालून तोच वळसा कुशींवरून पाठीकडे फिरवा. पोटावर घट्ट आणि पाठीला सैल अशी गुंडाळी मागून लोंबते.

परीक्षा दोन. रुकूसारखं कमरेतून पुढे वाका, मग मांडी घालून खाली बसून उठा. गुंडाळी एका वळशानेही उघडली तर पाठीवर ताण कमी पडला होता. परत सुरुवातीपासून करा. वरून आणखी घट्ट करून उपयोग नाही. नमाजासाठी नेसताना ही वाकायची परीक्षा विशेष महत्त्वाची, कारण पुरुषाचं बेंबीपासून गुडघ्यापर्यंतचं अंग सर्व वेळ झाकलेलं असावं लागतं.

सांपिंग: बाजू मलायूवर

बाजू मलायू म्हणजे लांब बाह्यांचा सैल सदरा आणि त्याच रंगाची विजार. त्याचे गळे मुख्यतः दोन. तलुक बलांगा हा बिनकॉलरचा गोल गळा, समोर छोटी चीर आणि वर एकच गुंडी. गळ्याच्या कडेला तुलांग बलुत, म्हणजे ईल माशाच्या काट्यासारखा, नाजूक हातटाका असतो. तलुक बलांगा हे नाव सिंगापुरातल्या एका जागेचं, आणि हा गळा मलेशियातल्या जोहोर राज्याची ओळख मानतात. दुसरा चकाक मुसांग, उभ्या पट्टीचा गळा, खाली गुंड्यांची ओळ, बहुतेक पाच. या गुंड्या सुट्या असतात, दागिन्यासारख्या काढता-घालता येतात.

गळ्यावरून सांपिंगची जागा ठरते. चकाक मुसांगवर सांपिंग सदऱ्याच्या वरून नेसतात. ही दागांग लुआर, बाहेरची पद्धत. तलुक बलांगावर सदऱ्याच्या आतून नेसतात आणि सदरा वरून सोडतात. ही दागांग दालाम, आतली पद्धत. आजच्या लग्नांत ही सरमिसळ होते, पण जुनी माणसं बसलेली असतील तिथे गळ्याप्रमाणे नेसलेलं चांगलं.

बाहेरची पद्धत अशी.

1. विजार आणि सदरा पूर्ण घाला, सगळ्या गुंड्या लावा. सदऱ्याचे खालचे खिसे रिकामे करा. फोन आणि किल्ल्या तिथे राहिल्या की सांपिंगखाली मांडीवर उंचवटे येतात आणि घडी बाजूला सरकते.
2. सदऱ्याचा जादा सैलपणा दोन्ही कुशींवर मागच्या बाजूला घडी घालून दाबा. पोट आणि पाठ गुळगुळीत हवी. सॅटिनसारखं निसरडं कापड असेल तर सदऱ्यावरून पातळ इलॅस्टिक पट्टा घाला, त्यावर सांपिंग धरून राहतो.
3. सांपिंगची उंची ठरवा. कमरेपासून गुडघ्यापर्यंत साधारण 50 ते 60 सेंटिमीटर लागतात आणि कापड त्याहून बरंच उंच असतं. जादा भाग वरून आतल्या बाजूला एकसारखा दुमडून घ्या. हे अंगावर घालण्याआधी पलंगावर पसरून करा. अंगावर केलं तर घडी एकीकडे उंच, एकीकडे खाली येते.
4. नळीत शिरा, कपाला पाठीमागे मधोमध, दुमडलेला काठ बेंबीच्या पातळीवर.
5. एकबाजू घडी करायची असेल तर डाव्या कुशीवर कापड डाव्या हाताने घट्ट दाबा आणि उजव्या हाताने सगळा जादा घेर उजवीकडे ओढा. कपाला जागचा हलला का ते इथेच बघा. हलला असेल तर पूर्ण नळी फिरवून परत आणा, घडी घातल्यावर दुरुस्त होत नाही.
6. उजवा पंखा पोटावरून डावीकडे आणताना त्याचं आतलं टोक दोन बोटं वर उचला. न उचलल्यास आतला थर बाहेरच्या थराखालून डोकावतो. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. फोटोत ती फार स्पष्ट दिसते.
7. वरचा काठ एकदा, फार तर दोनदा बाहेर दुमडा. सोंगकेटचे चार वळसे करू नका. जर मोडते आणि तिथे कायमची रेघ पडते. पकड कमी वाटली तर आतल्या थरात आडवी सेफ्टी पिन लावा, तीही सुती भागात, जरीतून नको.

मधल्या घडीसाठी पायरी 5 मध्ये दोन्ही हातांनी सारखं बाहेर ओढा, मग डावा पंखा आधी, उजवा त्यावर, आणि वरच्या पंख्याची कड बरोबर गुंड्यांच्या ओळीखाली आणा. गुंड्या आणि घडीची कड एका रेषेत आली की पूर्ण पोशाख सरळ दिसतो. दोन बोटं जरी इकडे-तिकडे झाली तरी माणूस वाकडा उभा आहे असं वाटत राहतं.

आतली पद्धत नेसायला सोपी, कारण कमरेचं काही दिसत नाही. तिथे गुंडाळी जाड झाली तरी चालते. अडचण उंचीची. सदरा मांडीच्या मध्यापर्यंत येतो, त्याखाली सांपिंग निदान एक वीत तरी दिसला पाहिजे, नाहीतर नुसती पट्टी शिवल्यासारखी दिसते. म्हणून आतल्या पद्धतीत सांपिंग जरा खाली, गुडघ्याशी किंवा त्याच्या थोडं खाली, सोडतात.

उंचीला पूर्वी अर्थही होता: अविवाहिताचा गुडघ्याच्या वर, विवाहिताचा खाली, असं सांगतात. आता कुणी तेवढं मोजत नाही. मात्र घोट्यापर्यंत कुणीही नेसत नाही. तिथे पोचलं की ते सांपिंग राहत नाही, सारुंग होतं.

नवरदेवाच्या पोशाखात सांपिंगवर बंगकुंग, म्हणजे कमरपट्टा येतो, आणि त्यात साधारणपणे डाव्या बाजूला क्रिस ही नागमोडी किंवा सरळ पात्याची कट्यार खोचतात. लग्नात नवरा-नवरीला राजा सहारी म्हणतात, एका दिवसाचे राजे. त्यामुळे पाहुण्याने नवरदेवाइतका जड जरीचा सांपिंग आणि बंगकुंग घालू नये. साधा, कमी जरीचा आणि सदऱ्यापेक्षा गडद सांपिंग पाहुण्याला शोभतो. राजघराण्याच्या समारंभाला पिवळा रंग टाळाच. तो मलय सुलतानांचा रंग आहे. डोक्यावर काळी मखमली सोंगकोक टोपी पुरे.

सुटं कापड असेल तर

काईन लपास नेसताना कापडाचा मध्य पाठीवर धरा. डावं टोक आधी पोटावरून उजव्या कुशीपर्यंत, उजवं टोक त्यावरून डाव्या कुशीपर्यंत. दोन्ही टोकं कुशीपर्यंत पोचलीच पाहिजेत. ती पोटाच्या मध्यावरच संपली तर चालताना मांडीवर फट उघडते. सांपिंगखाली विजार असते म्हणून पुरुषांचं भागतं, बायकांनी मात्र गुडघ्याच्या पातळीवर आतून एक पिन लावावी. शिवलेल्या नळीत ही काळजी नसते, म्हणून शिकणाऱ्याने शिवलेलंच घ्यावं.

बायकांचं सारुंग आणि बाजूच्या निऱ्या

बाजू कुरुंग म्हणजे गुडघ्यापर्यंतचा सैल लांब झगा आणि खाली पायघोळ काईन. आज दुकानात मिळणाऱ्या बाजू कुरुंगचा खालचा भाग चेन किंवा इलॅस्टिक लावलेला, निऱ्या शिवलेला मिळतो. नेसायच्या पद्धतीत या निऱ्या एका कुशीवर घालतात. त्यांना ओमबाक, म्हणजे लाटा, म्हणतात. चालताना त्या खरोखर लाटांसारख्या हलतात, आणि हलाव्यात म्हणूनच खालून मोकळ्या सोडतात.

नळीत शिरा, काठ घोट्याच्या हाडाशी. साडीसारखं जमिनीला टेकवायचं नाही. घोटा जरा दिसला पाहिजे. पाय साधारण 30 सेंटिमीटर फाकवून उभ्या राहा, पाय जुळवून नेसलं तर पाऊल टाकायला जागाच राहत नाही. सगळा जादा घेर एका कुशीवर ओढा. मग तिथल्या तिथे बोटाने तीन-तीन सेंटिमीटरच्या निऱ्या करा. आपल्या साडीच्या निऱ्या आपण पोटावर, एकाच दिशेने, आठ-दहा घालतो. इथे चार-पाच पुरतात, आणि त्या कुशीवर, समोरच्या दिशेने तोंड करून बसवतात. प्रत्येक निरीची वरची कड एका पातळीवर आणा, एकत्र खोचा, वरून पातळ कापडी पट्टा बांधा. हा पट्टा झग्याखाली झाकला जातो, त्यामुळे त्याची लाज नाही.

निऱ्या वर नीट आणि खाली पसरलेल्या दिसत असतील तर दोष बहुतेक काठाचा असतो: कापड ओढताना एक बाजू वर गेलेली असते. एका निरीने दुरुस्त होत नाही. पट्टा सोडा, काठ घोट्याशी परत जुळवा, मग निऱ्या करा.

बाटिकचं सारुंग कबायाखाली नेसताना निऱ्या घालत नाहीत. तिथे घट्ट, सरळ पडणारं हवं. जादा घेर उजवीकडे ओढून पंखा पोटावरून डावीकडे घ्या, वरचा कोपरा दोन वेळा पिळून आत खोचा, आणि पट्टा बांधा. कपाला पुढे यावा, तो कुशीकडे ढळला तर नळी पुन्हा फिरवा. कबाया अंगालगत असतो, पुढे करोंगसांग नावाच्या जोडलेल्या पिनांनी मिटतो, त्यामुळे कमरेची गुंडाळी जाड झाली तर कबायावर उठून दिसते. म्हणून इथे पीळ आणि पट्टा, गुंडाळी नाही. मलेशिया, सिंगापूर, इंडोनेशिया, ब्रुनेई आणि थायलंड यांच्या संयुक्त प्रस्तावावर 2024 साली कबायाचीही युनेस्कोच्या यादीत नोंद झाली.

घरातलं रोजचं बाटिक मात्र कशाही मोकळेपणाने नेसतात, आणि तेच कापड दहा कामांना येतं. छातीवर, काखेखालून गुंडाळलं की कंबान, नदीवर किंवा विहिरीवर आंघोळीला. कोपरा पिळून खोचण्याची रीत तीच, फक्त ताण पाठीऐवजी खांद्यांच्या पात्यांखाली धरायचा. डोक्यावरून घेतलं की कलुबुंग, उन्हापावसात शेतात. छताच्या वाशाला टांगलं की तान्ह्या बाळाचा पाळणा. कोकणातल्या झोळीची आठवण यावी अगदी तसा.

बसणं, उठणं, चालणं

नेसून झाल्यावर पाच मिनिटं घरातच चाला. सारुंगात पाऊल नेहमीपेक्षा आखूड टाकायचं असतं. घडी खालून मोकळी असते, ती पावलागणिक उघडते आणि मिटते, म्हणून ती खाली कुठेही पिन लावून बंद करू नका. बंद केली की पाऊल अडतं आणि ओढ कमरेवर येते, तिथून सगळं सुटतं.

चटईवर बसताना पुरुष मांडी घालतात, बायका दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसतात. बसण्याआधी मांड्यांवरचं कापड चिमटीत धरून चार बोटं वर घ्या, मग बसा. हे न करता बसलं तर गुडघे कापड खाली ओढतात आणि पाठीवरचा ताण जातो. खुर्चीवर बसतानाही तेच. जिना चढताना उजव्या हाताने घडीची कड जरा उचलून धरा. बाहेरच्या पद्धतीचा सांपिंग शौचालयात जाण्याआधी पूर्ण काढून खुंटीला लावा. वर गोळा करून धरण्याच्या नादात जर चुरगळते. परत नेसायला जमावं म्हणूनच घरी सराव.

सोंगकेट जपणं

पैठणीची काळजी ज्या घरात घेतात त्या घराला सोंगकेट जपायला वेगळं शिकवावं लागत नाही. पाण्यात घालू नका. वापरून झाल्यावर उलट बाजू बाहेर करून सावलीत, वाऱ्यावर दोन-तीन तास टांगा. मलेशियाच्या दमट हवेत ओला घाम तसाच घडीत राहिला तर जर काळवंडते आणि बुरशी येते. इस्त्री करायचीच तर मंद, उलट बाजूने, मध्ये सुती कापड घालून. अत्तर, सेंट अंगावर आधी मारा, वाळू द्या, मग सोंगकेट नेसा. फवारा थेट जरीवर पडला तर डाग जात नाही.

ठेवताना घडी घालण्यापेक्षा पुठ्ठ्याच्या जाड नळीवर मऊ सुती कापडासह गुंडाळून ठेवणं उत्तम. नळी नसेल तर घडीच्या प्रत्येक वळणात जुन्या सुती धोतराची वळकटी घाला म्हणजे धार पडणार नाही, आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. एकाच रेघेवर वर्षानुवर्षं घडी राहिली की जर तिथेच तुटते, अगदी शालूची तुटते तशीच. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका, पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा.

बाटिक गार पाण्यात, पहिल्या दोन-तीन वेळा वेगळं धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. पेलिकाटला काहीच नाही लागत; जितकं धुवाल तितकं मऊ होतं आणि तितकं चांगलं बसतं.